शेवटची अकरा पानं

नांदेडला रद्दीच्या दुकानापाशी जुन्या खळीचा कुबट वास आला, पाय थबकले, आणि ढिगाच्या वर मला ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक दिसलं. नववीच्या स्थूलवाचनाचं. शाळेत असताना ह्याच्याइतका तिटकारा मी कशाचाच केला नसेल. तरी घरी आणलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. अर्धवट सोडलेलं पुस्तक मला शोभत नाही.

हे मी अर्धवट सोडलं होतं, तेही खोटं बोलून. तेव्हा आम्ही लातूरला राहायचो. माय डाळमिलमध्ये कामाला जायची. संध्याकाळी तिनं ज्वारी निवडायची आणि मी मोठ्यानं वाचायचं, असा घरचा शिरस्ता. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकायची ओढ दांडगी. गोष्ट होती महापुरात नाव घेऊन गेलेल्या नावाड्याची आणि काठावर वाट बघणाऱ्या त्याच्या बहिणीची. पानंच्या पानं नुसतं पाणी आणि आभाळ. एका संध्याकाळी कंटाळून मी पुस्तक मिटलं. "बुडाला तो. संपली गोष्ट." मायचा हात सुपात थांबला, मग पुन्हा खडे वेचू लागला.

मायचा धाकटा भाऊ हैदराबादला कामाला म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. तिकडून कुणीही आलं की माय त्याच्या दारात जाऊन चौकशी करायची. त्या संध्याकाळनंतर तिनं ते सोडलं. मला दिसत होतं. विचारावंसं वाटलं नाही.

परवा उरलेली अकरा पानं वाचली. नावाडी परत येतो. केस पांढरे झालेला, बहिणीच्या दारात उभा राहतो.

पुस्तक घेऊन रेणापूरला गेले, माय आता तिथं असते. शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि खोटं कबूल केलं. तिला नवल वाटलं नाही.

"मला तवाच ठावं व्हतं, बाई. तू भाईर गेलीस की पानं उलटून बघितली म्या. फुडं चित्र हाय की त्याचं, दारात उभं ऱ्हायलेलं."

"मग मामाची चौकशी का सोडलीस?"

"गोष्टीतला आला, तर आपला बी यील म्हनलं. मंग लोकायच्या दाराला कशाला जायचं?"

तिची आशा माझ्या खोट्यानं मारली, हे वाटभर माझ्या मनाला खात होतं. तिला तर खऱ्या शेवटानंच उंबऱ्यात बसवून ठेवलं होतं. तिनं चित्राचं पान मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं. पुस्तकाची किती पानं उरली ते बोटांना कळतं. तिच्या वाट बघण्याची किती उरली, हे मला एवढं शिकूनही सांगता येत नाही.