सासऱ्यांचे स्पीकर

आमची गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. सासऱ्यांनी नोकरीत असताना घेतलेली. आता चालवते मी, आणि ते शेजारी बसून ब्रेक दाबतात.

मागच्या दिवाळीनंतर त्यांनी एकच धोशा लावला, गाडीचे स्पीकर बसलेत म्हणून. "पूर्वी गाणं कसं खणखणीत यायचं. आता नुसतं पुटपुटतं."

पुटपुटतं कसलं, माझ्या कानाला दडे बसायचे. घरातल्या टीव्हीचीही तीच गत. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, कान तपासून घेऊ या का?"

"पान? मी कुठं पान खातो?"

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गाडी नेली. दुकानदाराने गाणं लावून पाहिलं. "काका, स्पीकर ओके आहेत."

"बघ!" बाबा माझ्याकडे वळले. "धोका आहे म्हणतोय!"

दुकानदाराने पुन्हा काही समजावलं नाही. चार नवे स्पीकर, मोठा स्क्रीन आणि डिकीत वूफरचं खोकं बसवून दिलं. शिवाय बाबांचा फोनही गाडीला जोडून दिला.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. गाडी आमच्या पार्किंगमध्ये लावत होते, तोच बाबांच्या बहिणीचा चांदवडहून फोन आला. "दादा, जेवलास का?" चारही बाजूंनी आत्याबाईंचा आवाज घुमला. बाबा आधी दचकले, मग त्यांचा चेहराच उजळला. किती तरी दिवसांनी त्यांना बहिणीचा शब्द न् शब्द ऐकू आला होता.

तेव्हापासून फोन वाजला की बाबा किल्ली घेऊन खाली. काचा बंद करून बसायचे, पण वूफरपुढे काचा काय करणार? आत्याबाईंचा गुडघा, कांद्याचा भाव, त्यांच्या सुनेची बिघडलेली खीर, सगळं सोसायटीला कळू लागलं. भाजी घेऊन येणाऱ्या बायका पिशव्या खाली ठेवून थांबायच्या. वॉचमन मला विचारायचा, "आत्यांचा गुडघा काय म्हणतो, ताई?"

एका संध्याकाळी मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. खालून आवाज आला, "दादा, तुझी सून कशी वागते रे?"

शेजारपाजारच्या गॅलऱ्यांतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी चिमटा धरून तशीच उभी.

"गुणी आहे," बाबा म्हणाले. "पण फार हळू बोलते."

"ती नाय हळू बोलत! तुझे कान गेलेत, दादा! ओरडून ओरडून आमचे घसे बसले. डॉक्टरला दाखव आधी!"

मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे!"

बाबा गाडीतून उतरले, सावकाश जिना चढून आले. मला वाटलं, आता चिडणार. पण ते खुर्चीत बसले नि पडेल आवाजात म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं?"

मी नुसती मान हलवली. मोठ्याने 'हो' म्हणायला जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तयार होऊन बसले. तपासणी झाली, पुढच्या आठवड्यात कानाला मशीन लागलं. परतताना कॉलेज रोडच्या सिग्नलला त्यांनी गाणं बंद केलं, दाराला कान लावला, मग डॅशबोर्डवर थाप मारली.

"अगं, ही गाडी एवढी खडखडते? आणि तू इतके दिवस सांगितलं नाहीस? घे, सरळ गॅरेजला घे!"