भाऊजींचं नाक

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. वाढदिवस माझा, ग्लास माझा, हातवारेही माझेच. फक्त ज्या पांढऱ्या कोटावर ती लाल वाइन सांडली तो ताईचा होता, नवाकोरा. सगळे "अरे अरे" करत उठले. एकटे भाऊजी बसल्या जागेवरून म्हणाले, "चोळू नका. टिपा. बाकी मी उद्या बघतो."

तीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलेला माणूस. भाऊजी समोरच्याचा चेहरा विसरतील, त्याची कॉलर विसरणार नाहीत. "परवा कोण आलं होतं?" विचारलं तर म्हणतील, "तो नाही का, खिशाशी शाई गळलेला." कुणाचं कौतुक करायची वेळ आलीच तर त्यांच्याकडे एकच शब्द आहे : स्वच्छ. जेवण स्वच्छ, गाणं स्वच्छ, जावई स्वच्छ.

कोट दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाला, पण मला चैन पडेना. भरपाई म्हणून मी दोघांची नावं वाइन चाखायला शिकवणाऱ्या वर्गात घातली. आठवड्यातून एक संध्याकाळ, अशा सहा. एक घोळ निस्तरायला मी दुसरा घातला, हे तेव्हा कळलं नाही.

वर्ग एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरत असे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. एक, अत्तर लावून यायचं नाही. दोन, नवरा-बायकोनं एका टेबलावर बसायचं नाही. "एक बोलतो आणि दुसरा मान हलवतो. मग चाखतं कोण?"

भाऊजींच्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. त्या सहा आठवड्यांत मिळून अकरा शब्द बोलल्या असतील. ताईच्या वाट्याला मात्र दातांचे डॉक्टर आले. उंच, हसरे, आणि भाऊजींना सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की कपड्यांवर कुठं एक डाग नाही!

ग्लास फिरवायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या बादलीत थुंकायचा, असा तो अभ्यास. ताईनं पहिलाच ग्लास हुंगला आणि म्हणाली, "ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय." शिकवणाऱ्या बाईंनी टाळी वाजवली. ती बाटली खरोखरच खराब निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "काय हुशार नाक आहे तुमचं!"

पलीकडच्या टेबलावर भाऊजींनी तोंडातला घोट गिळून टाकला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ते बायकोच्या नाकाबद्दल एकदाच बोलले होते, तिला सर्दी झाली होती तेव्हा.

मग घरात डॉक्टर शिरले. "डॉक्टर म्हणतात, ग्लास दांडीला धरावा." "डॉक्टर म्हणतात, घाई करू नये." एकदा तर ताई भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "डॉक्टरांना वाइनमधला पेअर फळाचा वास लगेच कळतो हं." भाऊजी पानावरून उठले आणि दुकानात जाऊन स्वच्छ असलेल्या तीन शर्टांना पुन्हा इस्त्री करून आले.

भाऊजींना एक गोष्ट कुणाला सांगायची नव्हती. त्यांना वास येत नसे. तीस वर्षं ड्रायक्लीनिंगच्या रसायनात वावरून नाक कधीच संपावर गेलं होतं. वर्गात ते चोरून एक युक्ती करत. वाइनचा थेंब रुमालावर टाकत आणि डागाची कड बघत. जांभळी कड म्हणजे वाइन तरुण, विटकरी म्हणजे म्हातारी. लाल वाइनला हे बरोबर लागू पडे. पांढरी आली की रुमाल मुका आणि भाऊजीही.

पाचव्या संध्याकाळी बाईंनी जाहीर केलं, "पुढच्या वेळी परीक्षा. झाकलेल्या सहा बाटल्या. आणि जोडीदार ज्याचा त्यानं निवडायचा."

तो आठवडा भाऊजींना गोड लागला नाही. ताई कुणाला निवडणार? विचारायची सोय नाही. विचारलं आणि ती खरं बोलली तर? त्यांनी मनोमन ठरवलं, निदान दिसण्यात तरी त्या डॉक्टरला हार जायचं नाही. आपला करडा सूट त्यांनी दुकानातल्या मशीनमध्ये घातला. गिऱ्हाइकाचा कपडा ते एक दिवस वाऱ्यावर टांगल्याशिवाय देत नाहीत. स्वतःचा मात्र उशीर झाला म्हणून तसाच अंगावर चढवला आणि तडक वर्गात गेले.

जोड्या लागायच्या आधी सरावाचा पहिला ग्लास हुंगून डॉक्टर म्हणाले, "यात पेट्रोलचा अंश आहे."

"असतो काही जुन्या पांढऱ्या वाइनमध्ये," बाई कौतुकानं म्हणाल्या. पण दुसऱ्या ग्लासातही पेट्रोल निघालं. मग पाण्यातही निघालं. बाई नाक वर करून टेबलांमधून हिंडल्या आणि भाऊजींपाशी थांबल्या. "हा तुमचा कोट..."

बँकेच्या बाईंनी त्या दिवशीचे शब्द तिथंच खर्च केले : "मला केव्हाचं गरगरतंय."

कोट काढला तर शर्टालाही तोच वास. शेवटी भाऊजींना बाहेर व्हरांड्यात बसावं लागलं. खिडकीतून डॉक्टर ताईसाठी खुर्ची ओढताना दिसले. भाऊजींनी तोंड फिरवलं.

"माझा जोडीदार बाहेर बसलाय," आतून ताईचा आवाज आला. "माझे ग्लास तिकडं द्या."

ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि त्यांच्यापासून चार हात लांब बसली. "अहो, स्वतःचा सूट तेवढा वाऱ्यावर टांगता आला नाही?"

"मला वास येत नाही," भाऊजी खाली बघत म्हणाले.

"हे काय आज कळतंय मला? दूध करपून घरात धूर झाला होता, तेव्हा तुम्ही त्यात बसून पेपर वाचत होता! काढा तो रुमाल."

"तुला रुमाल माहीत आहे?"

"धुते कोण?"

मग ती हुंगू लागली आणि ते डाग वाचू लागले. सहापैकी चार बरोबर आले. डॉक्टर आणि बँकेच्या बाईंचे पाच आले. तरी पुढचे दोन दिवस भाऊजींनी दुकानात शीळ घातली म्हणे.

रविवारी मी गेलो तर ते कॉलरवर इस्त्री फिरवत होते. म्हटलं, "भाऊजी, ताईनं सगळ्यांदेखत तुम्हाला निवडलं. आता तरी त्या डॉक्टरांवरचा राग सोडा. भला माणूस आहे."

भाऊजींनी कॉलर उलटली. मान वर न करता म्हणाले, "दाढ दुखली तर दुसऱ्या गावाला जाईन."