बाजारातून उठलेलं नाव

नवरा गेल्यावर बायका देवळात जातात, भजनी मंडळात जातात. मी शेअर दलालाच्या ऑफिसात जाऊ लागले.

मंगळवार पेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर ते ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. मुंबईचा बाजार कोल्हापुरात कॉम्प्युटरवर दिसायला लागला होता. यजमान एका औषध कंपनीचे प्रतिनिधी होते. बॅग घेऊन पार नेसरीपर्यंतच्या डॉक्टरांच्या दारात ताटकळायचे. कंपनीनं नोकरांना दिलेले शेअर त्यांच्या माघारी माझ्या नावावर करायचे होते, म्हणून मी ती माडी चढले, आणि पडद्यावर त्यांच्या कंपनीचं नाव दिसलं.

लग्न झाल्यापासून ते नाव मी त्यांच्या पेनावर, बॅगेवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचत आले होते. आता घरात ते उच्चारणारं कुणी उरलं नव्हतं. मूलबाळ नाही. इथे मात्र ते नाव होतं, शेजारी भाव लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. मग रोजच. कारण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथल्या पुरुषांनी माझी कीव केली असती, आणि ती मला सोसवली नसती.

तिथला एक रिवाज होता. ज्याचा शेअर चढेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. माझा शेअर चार आणे वर, चार आणे खाली. इंडेक्स उड्या मारो की आपटो, याचं आपलं तेच. त्यामुळे मी वर्षानुवर्षं फुकटचा चहा प्याले. कळंब्याचे एक दूधवाले सकाळची धार काढून बाजार उघडायच्या आत हजर असायचे. ते म्हणायचे, "वैनी, तुमचा शेअर म्हंजे भाकड म्हस हाय. इकून टाका की."

"माझ्या गोठ्यात आहे ना? तुम्हाला कुठे वैरण घालावी लागते?" मी म्हणायचे. सगळे हसायचे, मीही. घरी येऊन कुलूप काढलं की ते हसू संपायचं. शनिवार-रविवार बाजार बंद. ते दोन दिवस घर खायला उठायचं.

पुढे काही वर्षांनी एका सकाळी बातमी आली. कंपनीचा परदेशी मालक सगळे शेअर विकत घेऊन कंपनी बाजारातून काढून घेणार होता. भाव सकाळीच वर गेला आणि तिथेच अडकून बसला. जो तो माझं अभिनंदन करायला लागला. "आज चहा वैनींचा," दूधवाले ओरडले. मी चहा सांगितला, वर भडंगही. माझा कप तसाच निवून गेला.

"मी विकलेच नाहीत तर?" मी दलालाला विचारलं.

"तुमच्याकडंच ऱ्हातील की. पर हितं दिसायचं न्हाईत."

मी विकले नाहीत. यजमान त्याच कंपनीतले, तेव्हा वैनींना आतली खबर असणार, असं माडीवर ठरलं. दोघातिघांनी माझं बघून आपल्याकडचे त्याच कंपनीचे थोडेफार शेअरही धरून ठेवले. मला त्यांचा राग आला, आणि रडूही. जे जाणार होतं ते कुठल्याच भावानं मला परत मिळणार नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी बाजार बंद होईपर्यंत पडद्यासमोरून हलले नाही. दूधवाले एरवी दुपारच्या धारेला लवकर उठायचे. त्या दिवशी बसून राहिले. सगळे पांगल्यावर हळू आवाजात म्हणाले, "वैनी, दुसरा येकादा घ्या. सस्तातला. पर येत ऱ्हावा." म्हणजे मी इथे का येते हे यांना ठाऊक होतं, आणि तरी इतकी वर्षं ते मला चिडवत राहिले होते. "उद्या येते," म्हणून मी उठले.

दुसऱ्या दिवशी खरंच गेले. पडद्यावर नावं नेहमीच्या क्रमानं लागलेली. त्या नावाच्या वरची सिमेंट कंपनी आणि खालची सूतगिरणी आता एकमेकींना चिकटून होत्या. मधे बोटभर जागाही सुटली नव्हती. घरात निदान कपाटातला त्यांचा कप्पा रिकामा होता, उघडला की रिकामा दिसायचा. इथे तेवढंही नाही.

बाजार ऐन भरात होता. मी उठले, चपला घातल्या आणि जिना उतरले. घरी जाऊन करायचं काहीच नव्हतं.