जुमेरातची राय

गुरुवारी शेवटच्या तासाची घंटा झाली की दस्तगीर मौलवी खुर्चीवरून उठत, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवत आणि आमच्यासमोर तरटावर मांडी घालून बसत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, "हां, सांगा बे. या हप्त्यात माझं काय काय चुकलं?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा आपल्याला पकडायला बघतोय. आमच्या गावच्या पंतोजींची चूक काढायचं नुसतं मनात आणलं असतं तरी त्यांनी पाठ सोलून काढली असती. मी मान खाली घातली. शेजारचा गंगाराम मात्र उठला आणि खुशाल म्हणाला, "मौलवीसाब, तुमी फळ्यावर मुंगीएवढं लिवता. मागं काय बी दिसत न्हाई." मौलवी म्हणाले, "दुरुस्त!" शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी त्यांनी एवढी दांडगी अक्षरं काढली की अर्धं हैदराबाद फळ्यावर आणि अर्धं भिंतीवर गेलं.

ही निजामाच्या अमलातली गोष्ट. घाटनांदुरापासून दोन कोसांवरच्या एका गावात सरकारी वस्तानिया शाळा होती. वस्तानिया म्हणजे मधली, सातवीपर्यंतची. आसपासच्या खेड्यांतली आम्ही वीस-बावीस पोरं तिथल्या धर्मशाळेत राहायचो आणि हाताने करून खायचो. गंगाराम तर चांगला मिशीवाला, लग्न झालेला बाप्या होता. त्या शाळेबद्दल कोणी विचारलं तर आमचं सगळ्यांचं एकच मत होतं, की रातोरात पळून जावं. धर्मशाळेत ढेकूण, चुलीत ओली लाकडं, आणि भाकरी थापायची पाळी ज्याची त्याच्या नावाने बाकीच्यांचा शिमगा. वर्गात सगळं उर्दूतून. घरी आई एक बोलायची, पुस्तक दुसरंच बोलायचं. पण दर गुरुवारी हे सगळं बोलून टाकायला मिळायचं आणि एक मोठा माणूस ते कान देऊन ऐकायचा. म्हणून आम्ही टिकलो, दुसरं काही नाही.

या तासाला मौलवी 'जुमेरातची राय' म्हणत. जुमेरात म्हणजे गुरुवार, राय म्हणजे मत. राय द्यायची त्यांची एक रीत होती आणि तिच्यात ते तसूभर सवलत देत नसत. "तारीफ माझ्या माघारी करा. तोंडावर फकस्त ऐब सांगा. तोंडावर तारीफ करनारा एकतर छुट्टी मागतो, न्हाईतर मार चुकवतो." ऐब म्हणजे दोष. कोणी चुकून "आज लई चांगलं शिकवलं" म्हणालाच, तर ते दोन्ही कानांवर हात ठेवून "बैठ जा, बैठ जा" असं ओरडत. तीन वर्षं आम्ही त्या माणसाच्या तोंडावर एक बरा शब्द बोललो नाही. धर्मशाळेत मात्र त्यांच्याशिवाय विषय नसायचा.

एकदा मीच उठून म्हणालो, "तुमी पाटलाच्या पोराला हळू मारता आन् आमाला जोरात." त्या दिवशी मौलवी 'दुरुस्त' म्हणाले नाहीत. टोपी घातली आणि घरी निघून गेले. मला वाटलं, मेलो आता! शनिवारी ते आले ते रिकाम्या हाताने. छडी कुठेच दिसेना. संध्याकाळी त्यांच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं, "चुल्ह्यात घातली त्यायनी. काल तिच्यावर डाळ शिजली." पुढे त्यांनी हातात काठी धरलेली मी पाहिली नाही. हात शिवशिवला की ते तो शेरवानीच्या खिशात घालत.

या बाईंना आम्ही बीबीमाय म्हणायचो. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पण गावात त्या अशा फिरायच्या की परक्याला कळू नये. घरापासून विहीर किती पावलं, धर्मशाळा किती, कुठल्या वळणावर कोणाचा उकिरडा, सगळं पाठ. हे पाठ व्हायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. संध्याकाळी धर्मशाळेच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या आणि वासावरून ओरडायच्या, "कोन जाळतंय रे भाकर? बळीराम, तूच हायेस ना मुडद्या?" आणि तो मीच असायचो.

तिसऱ्या वर्षी तालिमातचे साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, बीडहून टांग्याने आले. आल्या आल्या ओसरीवर मौलवींशी काहीतरी बोलले. आम्ही आत बसलो होतो, एक अक्षर ऐकू आलं नाही. मग ते वर्गात आले, खुर्चीवर बसले. मौलवी भिंतीला लागून हात बांधून उभे राहिले. साहेबांनी पाढे विचारले, नकाशा विचारला, आणि शेवटी म्हणाले, "मौलवीसाहब के बारे में तुम लोगों की क्या राय है?"

राय! अहो, तेच तर आम्हाला सगळ्यांत चांगलं येत होतं. आमचा ऊर भरून आला. एवढा मोठा साहेब आणि आपल्याला राय विचारतोय! वर्गाचा मॉनिटर मी. पहिला उठलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "जी, मौलवीसाब बोलण्यात वाहवत जातात. हिसाबाचा तास त्यातच बुडतो." लगेच गंगाराम उठला, "पान खाऊन शिकवतात. म्होरल्या पोरायवर शिंतोडे उडतात." मग काय, चढाओढच लागली. फारसी म्हणताना डोळे मिटतात. पोरांची नावं विसरतात. नमाजाला गेले की यायला उशीर करतात. मौलवी समोर उभे होते आणि तोंडावर फक्त ऐब, मग आम्ही दुसरं काय सांगणार होतो? साहेब लिहून घेत होते. दारातल्या शाळेच्या शिपायाने कपाळावर हात मारला, तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. एवढंच वाटलं, की काहीतरी चुकतंय. मौलवींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता.

मी पुन्हा उठलो. "साब, मौलवीसायबाला जरा भाईर पाठवा. मग आमी दुसरं सांगतो." साहेबांना वाटलं, पोरं भेदरलेली आहेत, आणखी काही गाऱ्हाणं असेल. मौलवी बाहेर गेले. त्यांची पाठ वळली मात्र, आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यांनी छडी टाकली, तापात कोणाच्या उशाशी बसले, गंगारामला सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून शिकवलं. साहेब ऐकून घेऊन हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. म्हणाले, "पहिलं बोललात ते मनातलं. हे पढवलेलं." आणि वही मिटली.

टांगा गेल्यावर शिपाई आमच्यावर तुटून पडला. "अरे गाढवांनो! मौलवीसायबाची बदली हुनार हाय. बायको आंधळी हाय, हितंच राहू द्या, अशी अर्जी केलती त्यायनी. साब म्हनले, पोरायची राय चांगली असंल तर राहा. आन् तुमी त्यायचं वाटोळं केलं बे!"

मी धावत मौलवींच्या घरी गेलो. ते ओट्यावर पान लावत बसले होते. मला रडू आवरेना. म्हणालो, "तुमी कावून बोलला न्हाई? ही आपली रीत हाय म्हनून साहेबाला कावून सांगितलं न्हाई?"

"काय सांगू?" ते म्हणाले. "पोरायचं मनावर घेऊ नका म्हनू? तीन साल झाले, मी तुमाला बोलायला शिकवतोय. आज पयल्या डावाला सरकारनं तुमाला कायतरी इचारलं. आन् मीच मदी पडून म्हनू, की यायचं ऐकू नका?" पान तसंच हातात राहिलं. मग हळूच म्हणाले, "खोटं तर एक बी बोलले न्हाईत तुमी. बीबीला मात्र आज काही सांगू नको. मी सांगतो."

महिन्याभरात हुकूम आला. बदली कड्याला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जायच्या आदल्या दिवशी बीबीमाय एकट्याच सगळ्या गावातून एकदा फिरून आल्या. दुसऱ्या दिवशी बैलगाडी निघाली तेव्हा आम्ही वेशीपाशी ओळीने उभे होतो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत नुसते हात जोडून राहिलो.

चार वर्षांनी मला महसुलात चाकरी लागली आणि कामासाठी आष्टीकडे जाणं झालं. वाट वाकडी करून कड्याला गेलो. मौलवी पिकले होते. मला मिठी मारली, आत बसवलं. बीबीमाय कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "बळीराम," आणि पुन्हा गप्प झाल्या. ही बाई अशी कधीपासून झाली, मला कळेना. ओट्यावर आल्यावर मौलवींनी सांगितलं. इथे आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्या विहिरीवर गेल्या होत्या. पाय घसरला, घागर फुटली, पाणी भरणाऱ्या बाया हसल्या. "तवापासून उंबरा वलांडला न्हाई. मी हात धरून नेतो म्हनलं तर म्हनती, तमाशा नको. चार साल झाले, बेटा."

मी तसाच आत गेलो आणि त्यांच्यासमोर बसलो. म्हणालो, "बीबीमाय, त्या दिवशी पयला मी उठलो होतो. पयला मीच बोललो. रात्री झोप लागत न्हाई असं खोटं सांगनार न्हाई, झोप लागती. पन तुमी आठवल्या की घास उतरत न्हाई. एक डाव माझ्यासंगं इहिरीपत्तुर चला."

"जाऊ दे रे आता," त्या म्हणाल्या. मी हललो नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी जमीन चाचपली आणि म्हणाल्या, "माझ्या वहाना कुटं हायेत बघ."

त्यांनी माझा हात धरला नाही, उपरण्याचं टोक तेवढं धरलं. ओठांतल्या ओठांत मोजत चालल्या. पहिलं वळण लिंबापाशी, दुसरं देवळाच्या भिंतीला घासून. विहिरीवरच्या बाया बघत राहिल्या. त्यातली एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "माय, हिकडून या, तितं शेवाळ हाय." आम्ही गेलो, परत आलो. पुन्हा गेलो, परत आलो. तिसऱ्या खेपेला त्या माझ्या पुढे होत्या. मग त्यांनी उपरणं सोडलं, घरातून लहान घागर मागून घेतली आणि म्हणाल्या, "तू हितंच थांब."

मी आणि मौलवी दारात उभे राहिलो. लिंबापाशी त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. मौलवींनी माझं मनगट धरलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

त्या आल्या तेव्हा कमरेवर घागर होती आणि अर्धा पदर भिजलेला होता. धापा टाकत उंबऱ्यावर बसल्या, तांब्या बुडवला आणि माझ्या दिशेने धरला. "पी रे, उन्हातानाचा आलास." त्या काळी आमच्यातलं कोणी मुसलमानाच्या घरचं पाणी पीत नसे. घरी कळलं असतं तर आईने मला आठ दिवस ओसरीवर जेवायला घातलं असतं. मी तो तांब्या रिकामा केला आणि दुसरा मागितला.