मिलिंदच्या लॉगिनवरून केलेला बदल

त्या दुपारी मिलिंद फोन घ्यायला खाली गेला आणि मी त्याच्या खुर्चीत बसलो. पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

परभणीतल्या एका डेटा सेंटरमध्ये आम्ही दोघं नेटवर्क सांभाळायचो. मिलिंद वालूरचा, शाळामास्तरांचा मुलगा. सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या सेटिंगमध्ये काही बदलायचं तर एकानं कागदावरची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं टाइप करायची — ही पद्धत त्यानंच घातलेली. मी कंटाळायचो. तो हसायचा, "अरे, एवढी जाडजूड पुस्तकं वाचतोस, ह्या चार ओळी वाचायला काय जड जायलंय तुला?"

त्या दिवशी स्टोरेजच्या डेटाला वेगळी रांग द्यायची होती. ती भरत आली की स्विच पाठवणाऱ्याला 'थांब' असा इशारा देतो. हा इशारा त्या एकाच रांगेपुरता ठेवायचा होता. मिलिंदचं लॉगिन उघडंच होतं. दोन मिनिटांचं तर काम — कशाला वाट बघायची? मी एकट्यानं टाइप केलं. एक ओळ गाळली. इशारा सगळ्याच रांगांना लागला. तासाभरात एक सर्व्हर अडला, आणि त्याच्यामागे एकेक स्विच दुसऱ्याला थांबवत गेला. संध्याकाळपर्यंत सगळं ठप्प.

साहेबांनी नोंद काढली. नाव मिलिंदचं. तो म्हणाला, "मी खाली होतो." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — कसं लिहू — मी म्हणालो, "मी बरोबर वाचलं होतं, साहेब. टाइप त्यानं केलं."

घाबरलो होतो का? हो. पण खरं त्याहून वाईट आहे. साहेब कुणाचं ऐकतील, हे मला आधीच माहीत होतं. मिलिंद बौद्ध, मी साहेबांच्या जातीचा. बाहेर कुणीतरी म्हणालंही, "कोट्यातले असेच." मी ऐकलं. बाटली तोंडाला लावली आणि पाणी पीत राहिलो.

मिलिंदची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही, कारण नवीन ठिकाणचे लोक आमच्याच ऑफिसात चौकशी करायचे. त्यानं वालूरला कॉम्प्युटरचा क्लास काढला. माझ्याशी तो पुन्हा बोलला नाही.

मागच्या महिन्यात तो गेला. हृदयविकार. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो — खरं सांगून टाकायचं असं ठरवून. वहिनींनी चहा आणून दिला. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले न्हाईत. माझ्याच हातानं चूक झाली, म्हणायचे."

त्यानं घरी असं का सांगितलं असेल? मला कळत नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली. चहा संपवला आणि परतलो.

वालूरच्या त्या घरात ती चूक आजही मिलिंदचीच आहे.