टेबलातली एक ओळ पुसायची होती

मंडळी, आज कुपवाडच्या एका कारखान्यात सॉफ्टवेअर दुरुस्तीला गेलो होतो. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रपाळी केलेल्या माणसाला लगेच दिवसपाळी लावली, की फॉर्म सेव्हच होत नाही. मालक म्हणाले, "ऑर्डर अडकलीय. तेवढं काढून टाका."

ज्यानं ते सॉफ्टवेअर केलं, तो आता हयात नाही. बटण दाबल्यावर चालणारा सगळा कोड त्यानं डेटाबेसच्या टेबलात ठेवलाय. एक ओळ पुसली, की सगळ्या कॉम्प्युटरवर लगेच बदल. असलं काम बघून मला संतापच येतो. कुणीही यावं, काहीही पुसावं!

फॉर्म अडवणारी ओळ सापडली. पुसणार तेवढ्यात पाळ्या लावणारे तानाजीमामा म्हणाले, "आवं, ती नगा काढू. माझा उजवा हात प्रेस मशिनमदी गेला, तवा बसवलीय ती. सलग दुसरी पाळी हुती माझी."

मामा डाव्या हातानं माऊस चालवत होते. सकाळपासून माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी मालकांना बोलावलं. "ओळ ही इथं आहे. तुम्हीच पुसा." ते स्क्रीनकडं बघून माऊसला हात न लावताच बाहेर गेले.

ओळ अजून आहे. उद्या ते दुसऱ्या कुणाला तरी बोलावतील. तुमच्यापैकी कुणाला फोन आला, तर पुसण्याआधी मामांना विचाराल का?