प्याल्यातला शेवटचा घोट

हणमंतरावांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती चार गल्ल्यांना कळल्याशिवाय राहत नसे. बाप्तिस्मा घेतला तोही असाच, बंगळुरात चामराजपेटेतल्या आपल्या घरी आधी सांगून, दिवसाढवळ्या. वडील गुरुराज मोठे कर्मठ. त्यांनी जिवंत मुलाचं घटश्राद्ध घातलं आणि दार लावून घेतलं. हणमंतराव बायकोला घेऊन निघाले ते सरळ मांसाहारी जेवणाच्या एका मिलिटरी हॉटेलात शिरले, आणि रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा बाकावर बसून मटण-भात जेवले. मटण त्यांना मुळीच आवडलं नाही. वसुमतीबाईंनी तर नुसता भात चिवडला. पण "आता आपण मोकळे!" असं हणमंतराव इतक्या मोठ्यानं म्हणाले की गल्ल्यावरचा माणूस दचकून उभा राहिला.

हसायचं तर हसावं, पण त्या माणसाची छाती मानायलाच हवी. घर गेलं, भाऊबंद गेले, लग्नकार्याचं बोलावणं गेलं, आणि तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. कचेरीत ते कारकून होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी अख्ख्या खात्याला म्हैसूरपाक वाटला, आणि सत्तावन्न सालच्या निवडणुकीत फ्रेझर टाऊनच्या मतदान केंद्रावर रांगेत पहिला नंबर लावला. "मी दोनदा स्वतंत्र झालेला माणूस आहे," असं ते म्हणत. "एकदा ख्रिस्तात, एकदा देशात. मला आता कसली बेडी नाही."

बेडी होती. ती त्यांना दिसत नव्हती, एवढंच.

मराठी ख्रिस्ती मंडळी बंगळुरात होती किती? चाळीसेक माणसं. दर रविवारी दुपारी तीनला, तमिळ लोकांची उपासना आटोपली की त्यांच्याच देवळात ही जमायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. एकच प्याला, चांदीचा मुलामा दिलेला, आणि सगळ्यांनी त्यातूनच घोट घ्यायचा. विश्वेश्वर पाळक प्रत्येकानंतर कडेवरून पांढरा रुमाल फिरवत. स्वतः ते सगळ्यात शेवटी घेत आणि उरलेलं संपवत, कारण अर्पण केलेला द्राक्षारस ओतून टाकायचा नाही असा रिवाज.

आणि पहिला घोट हणमंतरावांचा. तसा नियम कोणी केला नव्हता. ते पहिल्या बाकावर बसत आणि पहिले उठत. त्यांच्यामागून वसुमतीबाई, मग बाकीचे. लोकांना वाटे, माणसानं एवढं सोसलंय, मान असू दे. हणमंतरावांनाही तसंच वाटे. इतक्या वर्षांत आपण त्या प्याल्यातून कुणाचंही उष्टं एकदासुद्धा घेतलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

छप्पन्न सालच्या शेवटी बेळगावकडचा मुलूख म्हैसूर राज्यात आला आणि पोटापाण्यासाठी तिकडची माणसं बंगळुरात येऊ लागली. त्यांत शिवाप्पा आणि यल्लव्वा हे निपाणीकडचं जोडपं होतं. जन्मानं गावकुसाबाहेरची माणसं. शिवाप्पा एका कारखान्याच्या सुतारखात्यात लागला, आणि यल्लव्वाला सरकारी दवाखान्यात झाडूचं काम मिळालं. श्रीरामपुरमच्या एका खोलीत दोघांनी बिऱ्हाड केलं.

यल्लव्वाच्या गावच्या मंडळीत एक चाल होती. ज्याचा बाप्तिस्मा सगळ्यात नवा, त्यानं प्याल्याकडे पहिलं जायचं. घरात नवीन मूल आलं की आधी त्याला भरवतात ना, तसं. तिचा बाप्तिस्मा होऊन चारच वर्षं झाली होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिनं शेजारणीला विचारून घेतलं, आपल्यापेक्षा नवं इथं कोणी नाही याची खात्री केली, आणि पाळकांनी बोलावताच पदर सावरून तरातरा पुढं गेली. हणमंतराव तेव्हा कोटाचं बटण लावत होते.

सबंध देवळाच्या माना तिच्याकडे वळल्या. पाळकांनी मात्र शांतपणे तिच्या हाती प्याला दिला. तिनं डोळे मिटून घोट घेतला आणि हसऱ्या चेहऱ्यानं जागेवर येऊन बसली.

हणमंतराव दुसरे गेले. रुमाल फिरवलेला होता, कड लख्ख होती. तरी त्यांचा घसा आवळला. हा गडी मटण पचवून बसलेला, आणि आता एका घोटासाठी तोंड उघडेना! "आज माझी तयारी नाही," ते पुटपुटले आणि मागं फिरले.

जानेवारीत त्यांना पडसं झालं. फेब्रुवारीत निवडणुकीची कामं निघाली. मार्चमध्ये त्यांनी सबब सांगायचंही सोडून दिलं. "ख्रिस्ती माणूस स्वतंत्र असतो," ते घरी म्हणाले. "प्याला घ्यायचा की नाही, हा माझा प्रश्न."

वसुमतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्या कमी बोलत, पण बोलल्या की ते लागायचं. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "मामंजींचं घर सोडलंत अहो, पण उंबरा तेवढा उचलून बरोबर आणलात."

यावर हणमंतराव दोन दिवस जेवले नाहीत असं नाही, पण बोलले नाहीत. मग त्यांना एक युक्ती सुचली. मोठ्या शहरांतल्या काही मंडळ्या आता वेगवेगळ्या चिमुकल्या पेल्या वापरतात. क्षयाचे दिवस आहेत, आरोग्याचा विचार हवा. त्यांनी मंडळीच्या सभेत तासभर भाषण केलं, जंतूंवर, विज्ञानावर आणि नव्या भारतावर. "मतं घ्या," ते म्हणाले. "लोकशाही आहे."

मतं घेतली. हात वर झाले, आणि त्यांत शिवाप्पा-यल्लव्वाचे हात सगळ्यांआधी होते. ठराव पास झाला. बाहेर पडताना म्हाताऱ्या पाळकांनी हणमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हणमंतराव, हवं ते करायला मिळणं म्हणजे मोकळीक, असं जग समजतं. ख्रिस्तानं आपल्याला सोडवलं ते आपल्या स्वतःपासून. एवढं मात्र बघा."

"पेल्या पुनरुत्थानाच्या रविवारपासून, ईस्टरपासून, सुरू करू," हणमंतराव म्हणाले. ऐकलं ते त्यांनी ऐकलंच नाही.

ब्लॅकपल्लीच्या एका दुकानातून औषधाचा डोस मोजायचे छोटे काचेचे ग्लास आणले. ते ठेवायला लाकडी तबक हवं होतं. शिवाप्पानं आपण होऊन काम अंगावर घेतलं, आणि सणाच्या आदल्या दिवशी सकाळी हणमंतराव ते आणायला श्रीरामपुरमला गेले. एप्रिलचं ऊन, बस चुकलेली, त्यामुळे पोचेपर्यंत घशाला कोरड पडली होती.

तबक तयार होतं. फणसाचं पिवळंधमक लाकूड, बेचाळीस भोकं, एकही कड बोटाला न लागणारी. मधोमध शिवाप्पानं एक छोटा क्रूस कोरला होता. हणमंतराव त्यावरून हात फिरवत राहिले.

"बसा वो रावसाब. लई ऊन हाय," यल्लव्वा म्हणाली आणि बाहेर गेली. ती परतली तेव्हा तिच्या हातात शहाळं होतं. नाक्यावरच्या गाडीवाल्यानं नुकतंच फोडलेलं, वर कागदाची नळी.

"घ्या," ती म्हणाली. "भांडं न्हाई लावलं कुठलं. हे कुणाच्या हातचं न्हवं रावसाब, झाडाचं हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर हणमंतरावांना बरं वाटलं असतं, उलट बोलायला वाव मिळाला असता. तिनं खरोखर त्यांची सोय बघितली होती. पाहुण्याला पथ्य असलं की बघतात, तशी.

हणमंतरावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं? पेल्या कशासाठी ते?"

"ठावं हाय की."

"आणि तरी हात वर केलास? हे तबक करून दिलंत?"

शिवाप्पा रंधा पुसत म्हणाला, "तुमाला तरास हुतोय, दिसत हुतं. चार महिनं तुमी प्रभूच्या मेजावर उपाशी. म्हटलं पेली तर पेली. मानूस जेवला म्हंजे झालं."

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला की," यल्लव्वा हसली. "मला आला. दोन दिस भांडी आपटली. मग म्हटलं, ह्यो राग काखंत मारून मी प्याल्याकडं जाऊ कशी? दिला सोडून. गावात आमास्नी हिरीवर चढू देत न्हवते, तवा बी मी प्रभूच्या घरात मोकळीच हुते. मला कुनी सोडवलंय ते मला पक्कं ठावं हाय. तुमास्नी बी सोडवलंय, रावसाब. पर तुमी अजून दारातच हुबं."

हणमंतरावांनी शहाळं खाली ठेवलं. सगळं आयुष्य ज्या मोकळेपणाचा डंका पिटला, तो या खोलीत होता, झाडू मारणाऱ्या एका बाईजवळ, आणि तिनं त्याचा कधी गाजावाजा केला नव्हता. त्यांना लाज वाटली. खरंच लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी कसला तरी आनंद हलू लागला. तबक न घेताच ते उठले आणि घरी चालत आले, थेट फ्रेझर टाऊनपर्यंत. वसुमतीबाईंनी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "स्वल्प थांब. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं होतं. शिवाप्पानं स्वतःच तबक आणून मेजावर मांडलं होतं, बेचाळीस ग्लास ओळीनं चमकत होते. गीतं झाली, वचन झालं. पाळक तबकाकडे वळले तेव्हा हणमंतराव उभे राहिले.

"पाळकसाहेब, थांबा." त्यांनी खाकरून मंडळीकडे तोंड केलं. "मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो. या पेल्या मी क्षयाच्या भीतीनं नाही आणल्या. यल्लव्वा माझ्याआधी प्याली, म्हणून आणल्या. मला उष्ट्याची किळस आली. माझ्या तारणाऱ्यानं सगळ्यांसाठी दिलेला प्याला, आणि मला त्याची किळस आली! मला क्षमा करा. आणि तो जुना प्याला काढा."

मग विश्वेश्वर पाळक कपाटाशी गेले, प्याला काढला, भरला, आणि नेहमीसारखं बोलावलं.

हणमंतराव जागचे उठले नाहीत. "यल्लव्वाअक्का," ते म्हणाले, "तुम्ही नव्या. तुम्ही आधी."

यल्लव्वा गेली. मागोमाग शिवाप्पा, मग एकेक जण. आज कोणाला घाई नव्हती. वसुमतीबाई गेल्या आणि डोळे पुसत परतल्या. प्याला चाळीस तोंडांना लागला. शेवटी पाळकांनी तो उचलला, तेव्हा हणमंतराव पुढं झाले. "आज तुम्ही आधी घ्या साहेब. तळाचं मला द्या. आणि रुमाल नको."

पाळकांनी घोट घेतला आणि प्याला त्यांच्या हातात दिला. अर्धवट काही करणं हणमंतरावांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी प्याला धरला, ओठांना लावला, मान मागं टाकली आणि तळाचा शेवटचा थेंब येईपर्यंत खाली आणला नाही. घसा आवळला नाही. मग प्याला उंच धरून ते रडायला लागले, हसायलाही लागले, आणि गीताची वेळ झालेली नसताना यल्लव्वानं मोठ्यानं 'हालेलूया' म्हटलं. सगळं देऊळ उठून उभं राहिलं. टाळ्या, आरोळ्या, बाकं सरकल्याचा आवाज. बाहेर संध्याकाळच्या उपासनेला लवकर आलेले तमिळ लोक दारातून डोकावून बघू लागले.

गोंगाट ओसरला तेव्हा यल्लव्वा त्यांच्यापुढं आली.

"रावसाब, आज सणाचं जेवान आमच्याकडं. अक्कांना घिऊन या."

"येतो," हणमंतराव म्हणाले. "आणि अक्का, पाणी तुमच्या माठातलं द्या."